चालत्या घड्याळाचं झाकण

मी एक जुना आयग्लास आहे. घड्याळजी मान खाली घालून काम करतो तेव्हा त्याच्या एका डोळ्यात बसवलेली काळी वाटी तुम्ही पाहिली असेल. ती वाटी आणि तिच्या तळाचं भिंग म्हणजे मी. दिसायला मी बाटलीच्या बुचाएवढा, पण माझ्यातून केसासारखी स्प्रिंग सुतळीएवढी दिसते. मित्रांनो, जवळचं इतकं स्वच्छ पाहणाऱ्याला तोंड मात्र दिलेलं नाही. तुम्ही आता जाणते आहात, म्हणून ही हकीकत आडपडदा न ठेवता सांगतो.

माझा जन्म एका गार, ओलसर कारखान्यात झाला. भिंगं घासणाऱ्या बाईने मला उजेडात धरून पाहिलं, एकही ओरखडा सापडला नाही तेव्हा मान हलवली आणि मला कापसात ठेवलं. तिथून मी थोरल्या घड्याळजींकडे आलो. जिन्याखालचं त्यांचं दुकान इतकं चिंचोळं होतं, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाने पोट आत घ्यायचं. थोरले तसे अबोल. पण मुलाला काम शिकवताना दोन गोष्टी त्यांनी त्याच्या डोक्यात पक्क्या बसवल्या. सुटा भाग कधी संपवायचा नाही, एक तरी मागे ठेवायचा. आणि चालत्या घड्याळाचं झाकण उघडायचं नाही, उगाच आत धूळ जाते. थोरले गेले आणि मी मुलाच्या उजव्या डोळ्यात जाऊन बसलो. त्यांना मी अजूनही धाकटेच म्हणतो.

ती माझी वैभवाची वर्षं. दुसऱ्यांनी हात टेकलेली घड्याळं धाकट्यांकडे येत आणि टिकटिकत परत जात. लोक त्यांच्या नजरेची तारीफ करत आणि धाकटे मला हातरुमालाने पुसत म्हणत, कमाल याची आहे. खोटं कशाला बोलू, मी सुखावत असे.

मग ड्रायव्हर आला. तो बर्फातल्या मालाचा ट्रक चालवायचा आणि त्याच्या घड्याळात पाणी साचलं होतं. धाकट्यांनी ते उभ्याउभ्या दुरुस्त करून दिलं. तरी तो पुढच्या फेरीला आला, त्याच्या पुढच्याही. 'काय कारागीर' अशी हाक मारून काउंटरवर कोपर टेकून बसू लागला. माडीवरून धाकट्यांची आई म्हणायची, या माणसाचं घड्याळ बिघडतं तरी किती. धाकट्यांचं आणि त्याचं प्रेम जडलं होतं. मी सगळं पाहिलं असं म्हणणार नाही, कारण अशा वेळी आयग्लास कोणी लावत नाही. पण ट्रकचा हॉर्न वाजला की धाकट्यांच्या हातातला चिमटा थांबे, एवढं मला कळत होतं.

ड्रायव्हरचे रस्त्यावर इतरांशीही संबंध येत. ते त्याने लपवलं नव्हतं आणि धाकट्यांनी निमूटपणे गिळलं होतं. त्यातूनच त्याला एकदा गुप्तरोग झाला. बरा झाल्यावर तो धाकट्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. मी शर्टाच्या खिशात होतो. बाईंनी दोघांना तपासलं आणि दोघांनाही कॅप्सूल लिहून दिल्या.

"संबंध आल्यानंतर होईल तितक्या लवकर, फार तर तीन दिवसांच्या आत, दोन कॅप्सूल एकदम घ्यायच्या. भरपूर पाण्याबरोबर," बाई म्हणाल्या. "याने धोका कमी होतो, संपत नाही. आणि सगळ्याच रोगांवर हे चालत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला यायचं. त्रास असो वा नसो."

ड्रायव्हरने ऐकलं तसं केलं. धाकट्यांनी मात्र औषधातही दुकानदारी केली. दोनातली एक कॅप्सूल घ्यायची आणि दुसरी ड्रॉवरमध्ये, जुन्या काट्यांच्या डबीत टाकायची. हाताशी असावी म्हणून. भाग संपवायचा नाही ना! आणि रक्त तपासायला तर ते गेलेच नाहीत. रक्त घेणारा माणूस त्यांचं गिऱ्हाईक होता, आईशी जिन्यात बोलत उभा राहणारा. त्याच्यापुढे बाही वर करायची त्यांना लाज वाटली. पण लाज वाटते असं कोण कबूल करतं? त्यांनी स्वतःला वडिलांचा नियम सांगितला.

एके दिवशी ड्रायव्हर आला तो काउंटरवर कोपर न टेकता उभाच राहिला. तपासणीत त्याला सिफिलिस निघाला होता. वेळेत कळला म्हणून इंजेक्शनवर भागलं होतं.

"तूही चल. आत्ता," तो म्हणाला.

"मी गोळ्या घेतल्यात."

"मीही घेतल्या होत्या. तरी झालं ना?"

"मला काही होत नाहीये," धाकटे माझ्यातून एका चाकाकडे पाहत म्हणाले. "चालत्या घड्याळाचं झाकण उघडत नाहीत."

ड्रायव्हरने पुन्हा पुन्हा सांगितलं, विनवलं, तो चिडलाही. शेवटी बर्फ वितळेल म्हणून निघून गेला. पुढे काही दिवसांनी धाकट्यांच्या तळहातांवर तांबूस डाग उठले. त्यांनी ते माझ्यातूनच पाहिले. मी ते डाग इतके मोठे करून दाखवले की आंधळ्यालाही दिसावेत. ते बराच वेळ पाहत राहिले, मग हात साबणाने धुतले आणि घड्याळांच्या गंज चढलेल्या पट्ट्यांना दोष दिला. डाग आपोआप गेले. त्या दिवशी ते शीळ घालत होते. मला इतकं असहाय कधीच वाटलं नव्हतं.

मग नजर धुरकट झाली. धाकट्यांना वाटलं, मीच झिजलो. त्यांनी मला पुसलं, स्पिरिटने धुतलं, उजेडात धरलं. अंगावर ओरखडा नव्हता, तरी खापर माझ्यावर फुटलं. नवा आयग्लास आला आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो, नेमका त्या काट्यांच्या डबीशेजारी. वाचवून ठेवलेल्या कॅप्सूल आणि मी, दोघेही बिनकामाचे. त्यांनी मला टाकलं याचं दुःख झालंच. पण बाहेर ते चाचपडत होते, बेंचवरून स्क्रू घरंगळत होते, आणि त्याची भीती दुःखाहून मोठी होती.

लांबच्या फेरीवरून ड्रायव्हर परतला तेव्हा धाकट्यांचे डोळे लाल झाले होते. समोरचा कप त्यांना सापडत नव्हता. त्याने त्यांना दंडाला धरून ट्रकमध्ये बसवलं आणि थेट मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे शिरेतून पेनिसिलिन दिलं. रोग डोळ्यांपर्यंत पोचला होता. आईला त्याने जिन्यात उभं राहून सांगितलं की आजार बरा झालाय, उजवा डोळा मात्र गेला. डाव्याला दार, खिडकी, माणसाची आकृती एवढं दिसेल. तळहातांवर डाग उठले त्या आठवड्यात आले असते तर दोन्ही डोळे राहिले असते, असं डॉक्टर म्हणाले होते. आईने फक्त विचारलं, मग आता घड्याळं कोण करणार?

दुकान विकण्याच्या आदल्या दिवशी दोघं ड्रॉवर रिकामे करत होते. ड्रायव्हरला मी सापडलो. धाकट्यांनी मला बोटांनी ओळखलं. मग त्याचं मनगट धरून घड्याळ उतरवून घेतलं.

"अरे, ते चालू आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"माहीत आहे."

त्यांनी अंदाजाने झाकण उघडलं. हात अजून विसरले नव्हते. मला ड्रायव्हरच्या डोळ्याला लावून त्यांनी विचारलं, काय दिसतंय.

"सगळं चकचकीत आहे. थांब, कडेला थोडी धूळ आहे."

"चालू असतं तेव्हा थोडीशीच असते. तेव्हाच पुसून घ्यायची," धाकटे म्हणाले.

मित्रांनो, बाईंचं औषध खोटं नव्हतं. ते अर्धं घेतलं आणि त्यावर पुरा भरवसा टाकला, तिथे घात झाला. औषध सांगितलं तेवढं घ्या, आणि घेतलं तरी वेळच्या वेळी तपासून घ्या. टिकटिक नीट ऐकू येते म्हणून स्वस्थ बसू नका. कुणी प्रेमाने 'चल' म्हटलं तर लाज बाजूला ठेवून जा.

ड्रायव्हरने मला डोळ्यावरून काढलं, शर्टाला पुसलं आणि सवयीने धाकट्यांच्या हातात दिलं. त्यांनीही सवयीनेच मला उजव्या डोळ्याला लावलं. मग मला त्याच्या हातात परत ठेवलं.