मास्तरांच्या घराची विनवणी

"बाई, तुम्ही कधी घर ओढलंय का?"

मारिसेलने गावच्या सभेत उभं राहून हे विचारलं. मागच्या बाकावरून तिच्या मैत्रिणी यास्ना आणि फ्रेसिया फिस्सकन हसल्या. पैज त्या दोघींनीच लावली होती. राजधानी सान्तियागोहून आलेल्या वास्तुतज्ज्ञ रेबोयेदो बाई पडद्यावर काचेच्या दालनाचं चित्र दाखवत होत्या, तेवढ्यात यास्नाने मारिसेलला कोपर मारून सांगितलं होतं की हिंमत असेल तर विचार. आणि हिंमतीचं म्हणाल, तर महिन्याभरापूर्वी शाळेच्या व्हॉलीबॉल संघात नाव लागल्यापासून मारिसेलकडे ती नुसती उतू जात होती. पूर्वी फळ्यापर्यंत जाताना जिचे पाय लटपटायचे, ती आता फळ्याकडे जाताना मुद्दाम लांबच्या बाजूने जायची.

रेबोयेदो बाईंनी चष्मा वर केला. "नाही बुवा. आमच्याकडे घरं जागची हलत नाहीत, माणसंच हलतात. का गं?"

"कारण तुमचं दालन जिथे बसवलंय ना, तिथे मास्तरांचं घर आहे. ते ओढावं लागणार."

आता सगळी सभाच हसली, बाईसुद्धा. पण त्यांनी चित्र पुन्हा पाहिलं, आणि मग उरलेली सभा त्या एकाच गोष्टीवर झाली.

गोष्ट अशी होती. गावाचं संग्रहालय जुन्या जकात कचेरीत होतं. चिलोए बेटांवरच्या साऱ्या संग्रहालयांत जुनं म्हणून गावाला त्याचा कोण अभिमान, पण छप्पर इतकं गळायचं की हातमागांच्या खोलीत मागांपेक्षा बादल्याच जास्त. मारिसेलची आई नोल्विया तिथली व्यवस्थापक. पणज्यांनी विणलेल्या घोंगड्या ती पाळीपाळीने घरी आणून शेगडीजवळ वाळवायची. त्यामुळे मारिसेलच्या गणवेशालाही बाराही महिने ओल्या लोकरीचा वास. नवं कोरडं दालन व्हावं म्हणून नोल्वियाने प्वेर्तो मोन्तच्या सरकारी कचेरीचे उंबरे इतकी वर्षं झिजवले होते की तिथला रखवालदार तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचा. शेवटी निधी मंजूर झाला. अट एकच, मागची जागा गावाने स्वतः मोकळी करून द्यायची, आणि तीही मार्च संपायच्या आत. नाहीतर पैसा दुसऱ्या गावाच्या पदरात.

त्या जागेवर मास्तरांचं घर उभं होतं. मास्तर कधीच वारले होते, मूलबाळ नव्हतं, घर संग्रहालयाला देऊन गेले होते. ते पाडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. चिलोएत घर पाडत नाहीत, नेतात. खाली ओंडके सारायचे, बैलजोड्या जुंपायच्या, माणसांनी दोर धरायचे, आणि भिंती, खिडक्या, शेगडीसकट घर चालू लागतं. याला मिंगा म्हणतात. मास्तरांचं घर पुढच्या कोपऱ्यात आणायचं, तिथे तिकीटखिडकी करायची, आणि मागे काचेचं दालन. रेबोयेदो बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी जागेवरच पेन्सिलीने घराला बाण काढला. क्रेन आणायची तर अर्धा निधी तिच्याच घशात गेला असता.

"लोकांना बोलवायचं काम माझं," मारिसेलने जाहीर केलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी.

आणि केलं तिने, अगदी झोकात. पोस्टरवर घराला पाय काढले, बैलांना काळे चष्मे घातले. बेकरीत, बोटीच्या धक्क्यावर, चर्चच्या दारावर लावलं, गावाच्या प्रत्येक व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं. हृदयं आली, टाळ्या आल्या, नाचणारे बैल आले. कुणीतरी तर क्रिकेटच्या बॅटसारखं काहीतरी पाठवलं, ते कुणालाच कळलं नाही. मारिसेलने आईला सांगून टाकलं की एवढी गर्दी होणार की दोर कमी पडतील.

रविवारी सकाळी संग्रहालयामागे एक बैलजोडी आली, तिच्या बाबांची. बाबांखेरीज तीन-चार माणसं आली, तीही आईबरोबर संग्रहालयाच्या समितीवर असलेली. बाकी होते ते पर्यटक, कॅमेरे सरसावून, बैलांचे चष्मे कुठायत म्हणून विचारत. आईने पहाटेपासून खड्डा पेटवून शिंपले, मांस, बटाटे वाफायला पुरले होते. ते अख्ख्या गावाला पुरलं असतं. दुपार झाली, धुकं उठलं, बैल बसले. समोरच्या घरांच्या खिडक्यांत पडदे हलत होते, म्हणजे लोक घरीच होते आणि सगळं बघत होते. आईने शेवटी शिंपले पर्यटकांना वाढले. मग एकटीनेच दोर गुंडाळून ठेवले, आणि तेच मारिसेलला फार लागलं. आई ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती तडक यास्नाच्या घरी गेली. यास्ना तोंड लपवत आत पळाली. तिची आजी ओर्फेलिना शेगडीशी बसून लोकर पिंजत होती. गावात मिंगा असली की दोराला सगळ्यात पुढे या आजीचा आवाज असायचा. मारिसेलने नमस्कार-चमत्कार न करताच विचारलं की आजी, तुम्हीसुद्धा आला नाहीत?

"बस आधी," आजी म्हणाली.

बसली. आजीने माते, पानांचा तो कडू चहा, ओतलं, नळी तिच्याकडे फिरवली, स्वतःची लोकर पिंजत राहिली. मग म्हणाली, "मला कुणी विनवलं नाही गं."

"पोस्टर लावलं होतं की."

"पोस्टर सर्कशीचंही लागतं. छान होतं हो तुझं, बैल गोड होते. पण माझ्या दारी कोण आलं? इथे येऊन बसलं कोण? तुझ्या आजोबांनी घर हलवलं तेव्हा आधी इथे बसले होते, तू बसलीयस तिथेच. निम्मा दिवस पावसावर बोलले, मग म्हणाले, ओर्फेलिना, मला एक दिवस दे. मी दिला. मग त्यांनी तो फेडला, माझे बटाटे काढून."

मारिसेलचं तोंड उतरलं. विनवणी तिला काय माहीत नव्हती? गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण इतकी माणसं समितीवर असून एकालाही ती सुचली नव्हती.

"आम्हाला वाटलं, संग्रहालय सगळ्यांचंच आहे," ती म्हणाली. "आई म्हणाली, स्वतःच्याच घरी यायला कुणाला विनवतात का?"

"सगळ्यांचं आहे ना? मग माझा दिवस फेडणार कोण? संग्रहालय येणार आहे माझे बटाटे काढायला?"

यावर मारिसेलला हसूही आलं आणि रडूही. आजीने तिचा कप परत भरला. तिचा आवाज जरा मऊ झाला. "रागावलो नाही आम्ही. खिडकीतून बघवतही नव्हतं, तुझ्या आईचा चेहरा. पण न विनवता उठलो, तर उद्या कुणीही नुसती शिट्टी मारून बोलवेल. घराला एक माणूस लागतं, पोरी. ज्याच्या दारात मागाहून उभं राहून म्हणता येतं, माझा दिवस दे."

मारिसेल जिन्यावर जाऊन यास्नाशी दोन मिनिटं बोलली आणि घरी निघाली. चढावर नेहमी ती पळायची. आज चालत आली, कारण डोक्यात घरं मोजत होती. कुणाच्या मेंढ्या कातरायच्या असतात, कुणाचं शेवाळ किनाऱ्यावरून वाहून आणायचं असतं, कुणाला नातवंडं सांभाळायला हवी असतात. शनिवार, रविवार, सगळ्या सुट्ट्या. वाल्दिवियाला मावशीकडे जायचं ठरलं होतं ते गेलंच. गेलंच म्हणजे गेलंच, असं तिने मोठ्याने म्हणून पाहिलं. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. थोडं दुखलं.

घरी आई ओल्या घोंगड्यांच्या घड्या घालत होती. बाबा, एलिएसेर, बुटांचा चिखल काढत होते. आई सांगत होती की उद्या कचेरीला फोन करून कळवते, गावाला जमलं नाही. उगाच दुसऱ्या गावाचा खोळंबा नको. तिचा आवाज अगदी नीट होता, घडी घातल्यासारखा. बाबा पुटपुटले की आपल्यालाही कुणी विनवलं नव्हतं, पण बायकोने डोळे वटारल्यावर बैलांनासुद्धा कळतं.

मारिसेलने किटली शेगडीवर ठेवली. माते भरलं. खुर्ची ओढून बाबांसमोर बसली, पाठ सरळ, हात मांडीवर.

"पाऊस यंदा उशिरा येईल असं दिसतंय," ती म्हणाली.

बाबांनी बूट खाली ठेवला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. "हे काय नवीन?"

"मी ठरवलंय. मास्तरांचं घर आजपासून माझं. कागदावर नाही, विनवणीपुरतं. मी प्रत्येक दारी जाणार, बसणार आणि माझ्या नावाने दिवस मागणार. सगळ्यांचे दिवस मीच फेडणार."

आई म्हणाली, "अगं, हे काम समितीचं आहे. तुझं वय आहे का?"

"समितीकडे दोन हात नाहीत, आई. माझ्याकडे आहेत."

"लग्न होईपर्यंत बटाटे काढत बसशील," बाबा म्हणाले, पण माते त्यांनी हातात घेतलं होतं.

"बसेन. शनिवारचं व्हॉलीबॉल मी सोडलंय, यास्नाला सांगून आले. आई, उद्या तो फोन करू नकोस. आणि बाबा, मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलेय. मला तुमचा एक दिवस द्या, बैलांसकट. आज न विनवता आलात, तो दिवस मी धरत नाही."