मी चाखलेलं नऊ नंबरचं पिंप

मित्रांनो, जगात चवीचा शेवटचा अधिकार जर कोणाला द्यायचा झाला, तर तो मलाच द्यावा लागेल. हे मी गर्वाने सांगत नाही, नाइलाजाने सांगते. ओकच्या लाकडाच्या पिंपांत दोन-दोन, तीन-तीन वर्षं मुरवलेली कडक बिअर मी एकतीस वर्षं चाखली. एकही पिंप माझ्यावाचून पुढे गेलं नाही. मोठमोठे जाणकार माझ्यापुढे कमरेत वाकले. वाकले, आणि थुंकले. मी एक जुनी थुंकायची बादली आहे.

तुमच्यापैकी जे लहान आहेत त्यांनी बिअरच्या जागी लिंबाचं सरबत समजावं. गोष्टीत फारसा फरक पडत नाही. तोंडं वाकडी करणारी माणसं दोन्हीकडे तीच असतात.

माझा जन्म जस्ताच्या पत्र्यातून झाला. मला ठोकताना पत्रेवाला म्हणाला होता, "ही गुरांना पाणी पाजणार." गुरांनी माझं तोंडही पाहिलं नाही. मी गेले एका बिअरच्या कारखान्याच्या तळघरात. दगडी फरशी, बारा महिने तोच गारवा, दोन ओळींत आडवी निजलेली बारा पिंपं, मधे एक लाकडी टेबल, त्यावर ग्लास, पाण्याचा जग आणि खडू. टेबलाच्या डाव्या पायाशी मी.

पिंपांचं आणि माणसांचं एक असतं. बारा जणांत एकच बिअर भरली, तरी तीन वर्षांनी बारा तऱ्हा निघतात. एखादं गोड बोलतं, एखादं घसा धरतं, एखादं नुसतंच म्हातारं होतं. म्हणून वर्षातून एकदा सगळी पिंपं चाखायची, चांगली निवडायची आणि मोठ्या टाकीत एकत्र करायची. या कामाला तिथे मेळवणी म्हणत. कारखान्याचं नाव या मेळवणीवर टिकलेलं होतं. एक पिंप जरी बिघडलेलं टाकीत गेलं, तरी उरलेल्या अकरांची मेहनत मातीत गेली.

आता थुंकायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. ही बिअर इतकी कडक, की गिळत गेलं तर चौथ्या पिंपाला जीभ खोटं बोलू लागते आणि सातव्याला माणूस गाऊ लागतो. म्हणून घोट तोंडात घोळवायचा, आणि मग मी आहेच.

मेळवणीचा निर्णय काकांचा. सगळा कारखाना त्यांना काका म्हणे, पण ते सख्खे काका एकटीचेच होते. त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी त्यांनी लहानपणापासून सांभाळली, शिकवली, आणि पंचविशी ओलांडल्यावर तळघरात आणून माझ्यासमोर उभी केली. काकांनंतर खडू तिच्या हातात येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिने पहिल्या दिवशी गिळलं. काका म्हणाले, "पोरी, इथे गिळतो तो गिऱ्हाईक." त्या दिवसापासून तिने एक थेंब गिळला नाही.

चाखणारे चौघं. काका, पुतणी, पिंपं दुरुस्त करणारा पिंपवाला आणि कारखान्याची मालकीणबाई. पिंपवाला मला जन्मात एक थेंब देत नसे. तो सगळं गिळायचा आणि सहाव्या पिंपापासून त्याला सगळंच आवडायचं. मालकीणबाईंना चवीतलं काही कळत नसे, पण आधीच्याने जे म्हटलं ते त्या जास्त चांगल्या भाषेत म्हणत आणि वहीत लिहून घेत.

दोन नियम होते, काकांच्याही आधीपासूनचे. पहिला, सर्वांत लहान असेल त्याने आधी बोलायचं, सर्वांत मोठ्याने शेवटी. मोठा आधी बोलला की लहानांच्या जिभा त्याच्या मागे जातात, म्हणून. दुसरा, मोठ्याने पिंपावर खडूने खूण केली की विषय संपला. खडू टेकला, तोंड बंद.

नियम चांगले होते. त्यातला पहिला नियम एका म्हाताऱ्याला दोन वर्षं लपायला जागा देईल, हे तो करणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं.

एका हिवाळ्यात काकांना ताप आला. तीन आठवडे ते आले नाहीत. आले तेव्हा बारीक झाले होते, पण ग्लास तसाच धरला, नाकाशी तसाच फिरवला, घोट घेऊन तसेच अकरा आकडे मनात मोजले. फरक फक्त मला दिसला, कारण मी खालून बघते. पूर्वी घोट तोंडात असताना काकांचे डोळे मिटलेले असत. आता ते उघडे होते, आणि बिअरकडे नव्हे, पुतणीच्या तोंडाकडे लागले होते.

त्यांना वास येणं बंद झालं होतं. गोड, कडू, आंबट एवढं जिभेला कळायचं. पण बिअरचं खरं बोलणं वासात असतं, आणि तिथे सगळं सामसूम. पुतणी म्हणाली "अंजीर," की काका म्हणत, "अंजीर, पण वाळलेलं." पुतणी म्हणाली "धूर लागलाय," की काका म्हणत, "लागलाय, जरा दुरून." सगळे माना डोलवत. काय नाक आहे या वयात!

मला सगळं कळत होतं. पण बादलीचं मत विचारण्याची कोणत्याच कारखान्यात पद्धत नाही.

पुतणीलाही शंका आली. ती काकांच्या हाताखाली तयार झालेली. दुरून येणारा वास ओळखायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. एक वर्ष तिने शंका झटकली. दुसऱ्या वर्षीच्या मेळवणीत नऊ नंबरचं पिंप आलं.

मित्रांनो, त्या नऊ नंबरने माझं बूड शहारलं. गोडी ठीक, कडवटपणा ठीक, पण वास भिजलेल्या गोणपाटाचा. आतल्या एका फळीला बुरशी धरली होती. पुतणीने घोट घेतला, तिचा चेहरा क्षणभर आवळला, मग तिने तो इस्त्री केल्यासारखा सरळ केला. घोट माझ्यात टाकला आणि म्हणाली, "छान आहे. मनुका. जुनं लाकूड."

ती आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर खोटं बोलली. तिला त्या दिवशी शिव्या खायच्या होत्या. "कुठे शेण खायला गेली होती जीभ? कुबट लागतंय हे!" असं काकांनी सगळ्यांसमोर खडसवावं, एवढीच तिची इच्छा होती. ती ग्लास धरून वाट बघत उभी राहिली.

पिंपवाला म्हणाला, "झकास! गेल्या आठांपेक्षा झकास!"

मालकीणबाई म्हणाल्या, "मनुकांची एक शांत, वडीलधारी गोडी आहे," आणि लिहून घेतलं.

काकांनी घोट घेतला. अकरा मोजले. माझ्यात टाकला. "मनुका," ते म्हणाले, "आहेच. पण काळ्या." आणि पिंपावर खडूने बरोबरची खूण केली.

खडू टेकला.

वर जाताना काका मागे राहिले, मला विसळायला. ते काम ते कोणाला देत नसत. "चौघांत हीच एक प्रामाणिक," असं म्हणायचे. पुतणीही थांबली.

"काका, नऊ नंबर परत एकदा बघू या का?"

"का गं? तूच म्हणालीस ना, छान आहे?"

"म्हणाले."

"मग? खूण झाल्यावर कोणी शंका काढतं का? स्वतःच्या जिभेवर भरवसा ठेवायला शीक. उद्या खडू तुझ्या हातात यायचा आहे." आणि त्यांनी ओल्या हाताने तिच्या डोक्यावर टपली मारली.

खरं सांगायचं तर तेवढ्याच वेळात सगळं निभावलं असतं. एक वाक्य पुरलं असतं, दोघांपैकी कोणाचंही. ती जिना चढून गेली. दुपारी पंपाची नळी नऊ नंबरला लागली. टाकीत जाणारी ती धार मी ऐकली. मला वाईट वाटलं, असं म्हणायची सोय नाही. पण गार वाटलं.

पाच महिन्यांनी बाटल्या परत आल्या. खोकी तळघराच्या जिन्यापर्यंत लागली. मालकीणबाईंनी चौघांना टेबलाशी बोलावलं, एक बाटली उघडली, आणि या वेळी पिंपवालासुद्धा माझ्यात थुंकला. इतक्या वर्षांत मला त्याच्याकडून मिळालेली ही एकच भेट.

मालकीणबाईंनी वही उघडली. "नऊ नंबर. पहिलं कोण बोललं?" त्यांनी वाचलं. "छान आहे. मनुका. जुनं लाकूड."

"मला तर आवडली होती," पिंपवाला पुटपुटला.

"तुला पावसाचं पाणीही आवडतं. तू गप बस." मालकीणबाई पुतणीकडे वळल्या. "हे तुझं बोलणं आहे ना?"

"माझंच."

"मग वास आला नाही तुला?"

पुतणी काकांकडे बघत होती. उत्तर तिच्याजवळ होतं. पण ते दिलं असतं, तर काका त्याच टेबलाशी सगळ्यांसमोर संपले असते. काकांजवळही उत्तर होतं. ते मान खाली घालून माझ्यात बघत होते. मी रिकामी होते, तरी बराच वेळ बघत होते.

"पोर आहे," शेवटी ते म्हणाले. "नाक कच्चं आहे अजून. मी तिच्या शब्दावर गेलो, एवढीच माझी चूक."

पुतणीने हातातला ग्लास टेबलावर उपडा ठेवला आणि ती निघून गेली. कोणी तिला जा म्हटलं नाही आणि कोणी थांब म्हटलं नाही. काकांच्या घरातूनही ती त्याच आठवड्यात गेली. दूरच्या एका पाण्याच्या कारखान्यात तिला काम मिळालं, पाणी चाखायचं. पाण्याला काहीच चव नाही ना, एवढंच बघायचं. जिने काकांकडून साठ-सत्तर वास शिकले होते, ती दिवसभर काही नसल्याची खात्री करू लागली.

पुढच्या मेळवणीला तिघंच होते. काका पिंपवाल्याला म्हणाले, "चल, तू बोल आधी."

"थांबा," मालकीणबाई म्हणाल्या. "ती पद्धत आता बंद. लहानाने आधी बोलायचं, म्हणून गेलं वर्ष बुडालं. यंदा काका, आधी तुम्ही."

काकांनी एक नंबरचा घोट घेतला. अकरा मोजले. मग वीस. मग मी मोजणं सोडलं. त्यांचे डोळे पिंपवाल्याच्या तोंडावरून मालकीणबाईंच्या तोंडावर गेले, पण त्या दोन्ही तोंडांवर वाचण्यासारखं काहीच नव्हतं. दोघं त्यांच्याकडेच बघत होते. काका माझ्याकडे वाकले. आणि थुंकले नाहीत. त्यांनी तो घोट गिळला.

"मला काही कळत नाही," ते म्हणाले. "ताप आला तेव्हापासून कळत नाही. पोरीला बोलवा."

पिंपवाला सहा तास प्रवास करून तिला घेऊन आला. ती आली, हात धुतले, बाही वर केली, आणि बारा पिंपं एकामागून एक चाखली. डोळे मिटून. मला इतकी नेमकी धार कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती. नऊ पिंपांवर बरोबरची खूण, तिनांवर फुली. मालकीणबाई लिहायचंही विसरल्या. त्या आणि पिंपवाला पंप बघायला वर गेले, तेव्हा काका खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले,

"गेल्या वर्षीचा नऊ नंबर. तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"मग छान का म्हणालीस?"

"तुम्हाला कळतंय का, ते बघत होते."

"नंतर तरी सांगायचं होतंस. त्या बाटल्या आल्या तेव्हा."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते, काका."

त्यांनी खडू तिच्यापुढे सरकवला. "हा ठेव तुझ्याकडे."

तिने खडू उचलला, हातात फिरवला आणि टेबलावर परत ठेवला. "उद्या सकाळी माझी पाळी आहे तिकडे," ती म्हणाली. मग खाली वाकली, मला नळाखाली धरून नीट विसळलं, कडा पुसल्या, जागेवर ठेवलं आणि गेली. काकांच्या पाया पडली नाही. जिन्यावर क्षणभर थांबली होती, एवढं मी सांगू शकते.

ती परत आली नाही. काका काही दिवस तळघराच्या पायरीवर येऊन बसत. हातात ग्लास असे, तो नाकाशी नेत, खाली ठेवत. पुढे ग्लासही आणत नसत. मग एका आठवड्यात पायरी रिकामी राहिली, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात मालकीणबाईंनी पांढरी साडी नेसून पिंपवाल्याला सांगितलं, की वास ओळखणारं यंत्र मागवलं आहे.

यंत्र हुशार आहे. ते थुंकत नाही, त्यामुळे माझी गरज उरली नाही. मला मागच्या दाराबाहेर, भिंतीच्या सावलीत ठेवलं आहे. पावसाचं पाणी साठतं. चव बरी असते.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करायची रीत आहे. म्हाताऱ्यांची काळजी घ्या, तरुणांवर विश्वास ठेवा, वस्तू जपून वापरा, असं काही मी सांगायला हवं. पण इतरांनी तोंडातून टाकलेलंच मी आयुष्यभर गोळा केलं. माझ्याकडून तुम्ही नवं काय घेणार? ज्याला कळत नाही त्याने "कळत नाही" म्हणावं, आणि ज्याला कळतं त्याने वाट बघत बसू नये. एवढं दोघांनी पाळलं असतं, तर मी आजही टेबलाच्या पायाशी असते. जाऊ द्या.

माझं एकच मागणं आहे, आणि ते तुमच्यातल्या मोठ्या माणसांकडे आहे. कारखान्याच्या मागच्या दाराशी उभे राहून सिगारेट ओढता, ती माझ्यात विझवू नका. बूड पातळ झालं आहे.