आयर्नमेनचा बाक

आयर्नमेन फुटबॉल संघाच्या कचेरीतून आलेला ट्रेंट स्वयंपाकघरातल्या बाकाकडे बघत होता आणि त्याच बाकावर बसून रेनाटा बाळाला पाजत होती. तिने शाल ओढून घेतली, जागा सोडली नाही.

एरी सरोवराकाठच्या या गावातून जुन्या मालकाने आयर्नमेनला दक्षिणेच्या उन्हातल्या शहरात हलवलं, तेव्हा इथल्या शेवटच्या सामन्याला लोक कोटाखाली करवती लपवून गेले होते. सामना हरला आणि ज्याने त्याने मैदानातला आपापला बाक कापून घेतला. तिच्या वडिलांनी हा बाक खांद्यावरून घरी आणला. पुढे दुसऱ्या धनिकाने नवा संघ उभा केला, त्याला जुनं नाव नि केशरी रंग चढवला, जुने पराभवही आपल्या नावावर करून घेतले. नव्या पराभवांत मात्र त्याने कधी कंजुषी केली नाही.

आता मैदानात इतिहासाचं दालन होणार होतं. बाक काचेत जाणार, बदल्यात पप्पांना मैदानात दोन खुर्च्या जन्मभर फुकट. रेनाटाने पप्पांकडे पाहिलं. वर्षभर संघाला शिव्या घालणारा हा माणूस दर ऑगस्टला, हंगामाच्या तोंडावर, ‘यंदा जमणार’ म्हणतो. तो विरघळायला कितीसा वेळ लागणार? आई गेली त्या हिवाळ्यात बापलेक याच बाकावर जेवले होते.

ट्रेंटने दालनातल्या मजकुराचा नमुना दाखवला. गावात संघ नव्हता त्या वर्षांना ‘विश्रांतीचा काळ’ म्हटलं होतं.

पप्पांनी चष्मा लावला. “नवरा दुसरीबरोबर पळाला, तर बायको विश्रांती घेते का रे?”

शब्द वरून ठरलाय, असं ट्रेंट पुटपुटला.

“‘पळून गेले’ असं लिहा आणि बाक न्या.”

रेनाटाने बाळाला घट्ट धरलं. ट्रेंट फोन घेऊन ओसरीवर गेला, परतला तो घाम पुसत. “‘स्थलांतर’ चालेल म्हणतात.”

“स्थलांतर बदकं करतात. ती परत तरी येतात.”

ट्रेंट रिकाम्या हाताने गेला.

रविवारी पप्पांनी केशरी जर्सी चढवली, बाक टीव्हीसमोर ओढला आणि बाळाला कडेवरून त्यावर टेकवलं. मध्यंतरालाच आयर्नमेनची धूळधाण झाली होती. पप्पा नातवाला पडद्यावरच्या एकेका गाढवाची ओळख करून देत होते. बाळ खिदळत होतं.

“त्याला तरी सोडा, पप्पा.”

“कसं सोडू? बसलाय तो आता.”

रेनाटाने बाकावरची लाळ पुसली, मनातल्या मनात संघाला एक कचकचीत शिवी हासडली आणि दुसऱ्या टोकाला बसली.