गोड बोलण्याची तालीम

शाळेच्या नाटकात खलनायिकेचं काम मला मिळालं, तेव्हा स्टाफरूममध्ये एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही. मी गणित शिकवते. सत्तावीस वर्षं शिकवते आहे. माझा आवाज तिसऱ्या मजल्यावरून थेट मैदानात पोचतो आणि माझ्या तासाला पंखासुद्धा दबकून फिरतो, असं चित्रकलेचे सर येईल त्याला सांगत असतात. गंमत अशी की हे काम मला ओरडण्यासाठी मिळालं नव्हतं. गोड बोलण्यासाठी मिळालं होतं.

झालं असं, की ऐन सुट्टीत आम्हा सगळ्या शिक्षकांना दोन दिवस प्रशिक्षणाला बसवलं. विषय होता मानवी तस्करी. नोकरीचं, लग्नाचं, नाहीतर कसलंतरी आमिष दाखवून मुलांना घराबाहेर काढणारी आणि मग विकून मोकळी होणारी माणसं शिक्षकांनी ओळखायची कशी, आणि मूल हातातून निसटण्याआधी करायचं काय. मी कपाळाला आठ्या घालूनच गेले. घरी उत्तरपत्रिकांचा ढीग पडला होता, आणि शिकवायला आलेली बाई माझ्या निम्म्या वयाची, ठेंगणी, पायात खेळाचे बूट. ही आम्हाला काय शिकवणार, असं मी शेजारच्या बाईंना ऐकू जाईल इतपत हळू म्हटलं.

तिने अर्ध्या तासात आमची हवा काढून घेतली. अशा माणसाचं चित्र काढा म्हणाली. आम्ही काढलं. कुणी मिशा काढल्या, कुणी काळा चष्मा, कुणी पाठीवर पोतं. चित्रकलेच्या सरांनी तर दात वेगळे रंगवले. तिने सगळे कागद भिंतीवर लावले आणि शांतपणे सांगितलं की मुलं सोडवण्याच्या आजवरच्या कामात असा मिशीवाला तिला अजून भेटायचा आहे. तिला भेटल्या त्या शेजारच्या काकू, क्लासमधल्या ताया, फोनवरचे मित्र. मग तिने खुणा सांगितल्या: मुलीच्या बोलण्यात अचानक एक नवं माणूस येतं, लांबच्या गावची नोकरी येते, घरच्यांपासून काहीतरी लपवायची अट येते. आणि असं काही दिसलं तर ओरडायचं नाही, त्या माणसाला गाठायला आपण धावायचं नाही, कुणाला सांगणार नाही असं खोटं वचन द्यायचं नाही. ऐकायचं, आणि ज्यांचं ते काम आहे त्यांना लगेच कळवायचं. हेल्पलाइनचा नंबर तिने आमच्याकडून पाठच करून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला अभिनय करायला लावला. एकाने फसवणारा व्हायचं, दुसऱ्याने मूल. चित्रकलेच्या सरांनी एन्ट्रीलाच असं गडगडाटी हास्य केलं की समोरचं मूल पळूनच गेलं असतं. माझ्या वाट्याला पंधरा वर्षांची मुलगी म्हणून आले पीटीचे सर, सहा फूट उंच आणि त्याला शोभेल असं पोट. मला काही सुचेना. म्हणून मी नुसतं विचारलं, "जेवलीस का गं? चेहरा किती उतरलाय तुझा." झालं. सर खरंच बोलायला लागले. हॉल कधी मिळत नाही, पीटीचा तास प्रत्येक जण हिसकावून घेतो, वीस वर्षांत कुणी विचारलं नाही की बाबा तुला काय हवंय. मी मान डोलावत राहिले. पाच मिनिटांत ते माझ्याबरोबर बसमध्ये चढायला तयार झाले.

सगळे पोट धरून हसत होते. ती बूटवाली मात्र हसली नाही. "बघितलंत? बाईंनी त्यांना काहीच दिलं नाही, नुसतं ऐकून घेतलं," ती म्हणाली. "जिथे मुलाचं कुणी ऐकत नाही, तिथूनच हे लोक आत शिरतात." मला तेव्हा ते कौतुक वाटलं आणि मी चांगलीच फुशारले. घरी जाऊन उत्तरपत्रिका उघडल्यावर ते कुठेतरी टोचायला लागलं.

त्यातूनच नाटकाची कल्पना निघाली. शाळा सुरू झाल्यावर नववी-दहावीसमोर करायचं. मी ती गोडबोली बाई आणि पीटीचे सर, दोन रिबिनी लावून, भोळी मुलगी. मी घरी आरशासमोर "बाळा, तू किती हुशार आहेस" असा सराव केला तर आमचे हे आतून लगबगीने आले. त्यांच्याशी बोलत नव्हते हे कळल्यावर बिचारे हिरमुसून परत गेले.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर हॉलमध्ये तालीम होती. खुर्च्या मांडायला नववीच्या पाच-सहा मुली थांबल्या होत्या, त्यात 'घाई' होती. हे नाव मीच ठेवलेलं. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर फेकणारी, निम्म्या वेळा चुकणारी, आणि त्यासाठी माझी रोज बोलणी खाणारी मुलगी. मी पीटीच्या सरांच्या डोक्यावरून हात फिरवला, "तिथे राहायची उत्तम सोय आहे, बाळा," म्हटलं, आणि पुढचं वाक्य साफ विसरले.

खुर्च्यांमधून घाईचा आवाज आला. "'फक्त घरी आत्ताच सांगू नकोस, नंतर सरप्राइज देऊ. आणि फोटो नुसत्या चेहऱ्याचा नको, पूर्ण उभा पाठव.'"

हॉलभर हशा पिकला. पीटीच्या सरांनी टाळी दिली. मी हातातला कागद पाहिला. घरी सांगू नकोस हे वाक्य होतं, जवळजवळ तसंच होतं. पण तो कागद मुलींपैकी कुणीही वाचलेला नव्हता. आणि उभ्या फोटोचं आम्ही कुठेच लिहिलेलं नव्हतं.

लगोलग राग आला, तो नेहमीचा, थेट घशाशी येणारा. ये इकडे, कोण आहे ती, अक्कल गहाण टाकलीस का, हे सगळं जिभेवर तयार होतं. ते मी गिळलं. उरलेली तालीम कशीबशी केली. मग घाईला म्हटलं, वर्गात वह्या न्यायच्या आहेत, जरा चल.

वर्गात मी खुर्चीवर बसले नाही. तिच्या बाकावर, तिच्या शेजारी बसले. त्या बाकावर माझ्यासारखीचे गुडघे मावत नाहीत हे मला सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी एवढंच विचारलं, "ते फोटोचं वाक्य छान होतं. कुठे ऐकलंस?"

आणि गप्प बसले. आयुष्यात इतकं अवघड गणित मी सोडवलेलं नाही. ती बाक नखाने खरवडत राहिली. मग हळूहळू बोलायला लागली आणि थांबेचना. फोनवर गाण्यांच्या एका ग्रुपमध्ये एक ताई भेटली होती. रोज विचारपूस करायची. लांबच्या शहरात मोठ्या हॉटेलात रिसेप्शनची नोकरी देणार होती. रविवारी सकाळी साडेसातची बस होती, तिकीट ताईकडेच होतं. हॉटेलचं नाव तिथे गेल्यावर कळणार होतं. आई हॉस्पिटलच्या धोबीखान्यात पाळ्या करते, दमून येते आणि झोपते, तिला काही माहीत नव्हतं. मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. बाकाखाली स्वतःच्याच हाताला चिमटे काढत होते.

शेवटी ती म्हणाली, "तुम्ही मला घाई म्हणता. ताई म्हणते, ही घाई नाही, हुशारी आहे. अशाच मुली तिकडे लागतात."

हे ऐकून मला रडू आलं. ताईचा राग आलाच, पण जास्त राग माझा मला आला. ती खरोखरच हुशार होती, आणि हे तिला पहिल्यांदा सांगितलं ते तिला विकायला निघालेल्या बाईने.

"बाई, आईला सांगणार नाही ना?"

"सांगणार," मी म्हटलं. "आजच सांगणार. पण तुझ्या पाठीमागे नाही, तुझ्यासमोर. आणि तुला कुणी हात लावणार नाही, मी तिथे बसलेली असेन."

मग सगळं भराभर झालं. मोठ्या बाईंनी हेल्पलाइनला फोन लावला, ती बूटवाली तासाभरात धापा टाकत हजर झाली, तिच्याबरोबर साध्या कपड्यातल्या महिला पोलीस अधिकारी. आई कामावरून तशीच आली, हातांना साबणाचा वास. बूटवालीने तिला आधी दाराबाहेर थांबवून काहीतरी समजावलं. ती आत आली, लेकीला जवळ ओढलं आणि एवढंच म्हणाली, "मी झोपलेली असले तरी उठवायचं गं मला."

नाटकात इथे पडदा पडला असता. पण घाईला काही आमचं पटलं नव्हतं. तिने फोन अधिकाऱ्यांच्या हातात दिला, तोही टेबलावर आपटल्यासारखा. तुम्ही ताईला ओळखत नाही, म्हणाली. जाता जाता माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "माझी नोकरी तुम्ही घालवलीत." बूटवालीने मला सांगितलं की असंच होतं, जो आपलं ऐकतो तो खोटा आहे हे एका संध्याकाळी पचत नाही. तिने शनिवारी त्यांच्या घरी जायचं कबूल केलं. आम्हाला मात्र सक्त ताकीद मिळाली की बस स्टँडच्या आसपासही फिरकायचं नाही.

त्या ताईला रविवारी सकाळी स्टँडवरच पकडलं आणि तिच्यासोबत असलेल्या दुसऱ्या शाळेतल्या दोन मुली सुखरूप घरी पोचल्या, हे मला दुपारी कळलं. पण सकाळी सात वाजता मला काहीही माहीत नव्हतं. घाईला बसची वेळ ठाऊक होती, स्टँड घरापासून दहा मिनिटांवर होता आणि ती माझ्यावर रागावलेली होती. मी स्वयंपाकघरातून दारापर्यंत आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मारत होते. आमच्या ह्यांनी चहा केला, तो निवला, पुन्हा केला, तोही निवला. सात वीसला माझा धीर सुटला आणि मी आईला फोन लावला.

बराच वेळ वाजला. मग आईचा आवाज आला, अगदी हळू.

"बाई, घरातच आहे ती. रात्री माझ्याच अंथरुणात शिरली. खूप रडली, खूप बोलली. आता तोंड उघडं टाकून झोपलीय. उठवू का?"

सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळणाऱ्या मुलांविषयी माझी मतं साऱ्या शाळेला पाठ आहेत. "अजिबात उठवू नका," मी म्हटलं. "दहा वाजू देत, बारा वाजू देत, झोपू दे तिला."

"थांबा, ऐकवते तुम्हाला," आई म्हणाली आणि तिने फोन लेकीच्या तोंडाजवळ नेला असावा, कारण मला घोरणं ऐकू आलं. बारीक, जरासं शिट्टीसारखं, मध्येच अडकून पुन्हा सुरू होणारं. सात पंचवीस झाले, साडेसात झाले. मी फोन कानाला लावून भिंतीला टेकले आणि हसू आवरेना म्हणून तोंडावर हात ठेवला. ह्यांनी तिसरा कप पुढे केला आणि विचारलं, कोण आहे, काय बोलतंय इतका वेळ. मी त्यांना खुणेनेच गप्प केलं आणि ऐकत राहिले.