मधल्या वर्गाची घंटी

मी एक जुनी घंटी आहे. दारावरची नव्हे आणि सायकलचीही नव्हे. टेबलावर ठेवतात आणि डोक्यावर बोट मारून वाजवतात ना, ती. उपडी वाटी डोळ्यांसमोर आणा, तिच्या टाळूवर एक बटण बसवा, की झाले मी तयार! मला बोलता येतं ते फक्त ‘टिंग’. पण एवढ्याशा टिंगने मी माणसांना धावतही आणलं आहे आणि गप्पही बसवलं आहे. म्हणून म्हणते मित्रांनो, जरा ऐका.

पितळेचा पत्रा साच्यात दाबून कारखान्यात मला घडवलं. पहिली नोकरी लागली एका लॉजच्या काउंटरवर. दमलेला प्रवासी बॅग टेकवायचा, आजूबाजूला कुणी नाही असं बघून मला टिचकी मारायचा, आणि आतून मॅनेजर शर्टाची बटणं लावत पळत यायचे. ‘आलो, आलो!’ माझा तेव्हाचा रुबाब काय सांगू! रोज सकाळी मला फडक्याने पुसत. पुढे लॉज बंद पडलं आणि मी भंगाराच्या दुकानात मोडक्या नळांशेजारी जाऊन बसले. तिथे ना पुसणं, ना वाजणं. धूळ खात पडले होते, तेव्हा बाईंनी मला उचललं.

बाई मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायच्या. एका दुकानाच्या माडीवर त्यांचा संध्याकाळचा क्लास होता. पहिला, मधला आणि वरचा असे तीन वर्ग. माझी नेमणूक झाली मधल्या वर्गावर. पहिल्या वर्गातल्याचं चुकलं तर कुणी मनावर घेत नाही आणि वरच्याचं फारसं चुकत नाही. मधल्या वर्गातल्याचे हाल विचारू नका. त्याला नियम सगळे ठाऊक असतात, आणि तोंड उघडलं की ते सगळे एकदमच दारात गर्दी करतात.

बाईंचा कायदा सोपा होता. बोलताना चूक झाली की टिंग! ‘फॉर’च्या जागी ‘सिन्स’ आला, टिंग. ‘द’ खाल्ला, टिंग. कालची गोष्ट सांगताना पूर्ण वर्तमानकाळ वापरला, मग तर टिंग टिंग. बाई वाईट नव्हत्या हो. चूक तिथल्या तिथे पकडली की ती अंगवळणी पडत नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं. घसा बसेपर्यंत शिकवायच्या. पण झालं काय, माणसं माझ्याकडे बघत बघत वाक्य तोंडातच चाळायला लागली. शेवटी ‘यस मॅडम’, ‘नो मॅडम’ यावरच भागवायला लागली. पूर्वी मी वाजले की माणसं यायची. आता मी वाजले की गप्प व्हायची. मला वाईट वाटायचं, पण मी काय, बोट पडलं की वाजणार.

या वर्गात एक लिफ्टकाका होते. त्यांचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. कागदावर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वाक्याचा कर्मणी प्रयोग करा म्हटलं की चुटकीसरशी करायचे. बोलायला उभे राहिले की मात्र घामाने शर्ट भिजायचा. त्यात शिड्या चढून चढून त्यांचा गुडघा कामातून गेला होता. कंपनीत नव्या मेकॅनिकांना शिकवायची जागा निघाली होती, चढउतार नसलेली. लेखी परीक्षा काका पास झाले होते. आता मुख्य कचेरीतून फोनवर मुलाखत होणार होती, आणि ती इंग्रजीत. ही जागा गेली तर पुन्हा त्याच शिड्या, नाहीतर घरी बसणं.

आदल्या संध्याकाळी बाईंनी सराव घेतला. “टेल मी अबाउट युवर वर्क.”

“आय ॲम वर्किंग हिअर सिन्स...”

टिंग.

“आय हॅव... वर्किंग...”

टिंग.

काका मटकन खाली बसले. “राहू द्या बाई. लिफ्ट अडकली तर मी आतल्या माणसांना बाहेर काढतो. माझंच वाक्य अडकलं की मला काही सुचत नाही. उद्या मी फोन उचलतच नाही.”

“वेड लागलंय का तुम्हाला?” बाई म्हणाल्या. “इथे येऊन घ्या फोन. मी बसते शेजारी.”

दुसऱ्या दिवशी खोलीत आम्ही तिघंच. फोन वाजला. पलीकडे एक मॅडम होत्या. काकांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. सुरुवात बरी झाली. नाव झालं, शिक्षण झालं. मग कामाचं विचारलं आणि काका म्हणाले, “आय ॲम वर्किंग हिअर सिन्स ट्वेंटी इयर्स.”

टिंग!

बाईंचं बोट, दुसरं काय! सवयीने पडलं. त्यांनी जीभ चावली, पण वाजायचं ते वाजून गेलं होतं. काकांचा चेहरा पांढराफटक.

“हॅलो? व्हॉट वॉज दॅट?” मॅडमनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. बघतच राहिले. संपलं सगळं, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांची मिशी हलली.

“सॉरी मॅडम,” काका म्हणाले. “लिफ्ट कम!”

लिफ्ट मजल्यावर आली की असंच टिंग होतं ना! पलीकडे मॅडम खो खो हसत सुटल्या. काकाही हसले. या वर्गात मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. आणि मग गडी जो सुटला! लिफ्ट अडकली की आधी मशीनला हात लावायचा नाही, आधी आतल्या माणसाशी बोलायचं, त्याचं नाव विचारायचं, घाबरू नका म्हणायचं, हे सगळं त्यांनी सांगितलं. ‘द’ गळत होते, काळ एकमेकांच्या अंगावर पडत होते. मॅडम विचारत होत्या आणि काका सांगत होते. बाईंनी मला उचलून मांडीवर घेतलं होतं आणि दोन्ही तळव्यांनी घट्ट दाबून धरलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते.

काही दिवसांनी काका जिन्यावरूनच ओरडत आले. “बाई, झालं काम! घेतलं मला!” मग काकांनी हत्यारांची पिशवी उघडली, माझा स्क्रू काढला, आतली चिकटलेली स्प्रिंग साफ केली आणि तेलाचा थेंब सोडला. मला परत ठेवताना त्यांनी बाईंपुढे नाही ठेवलं. बोलणाऱ्याच्या खुर्चीपुढे ठेवलं.

“आता ज्याचं त्याने वाजवायचं,” ते म्हणाले. “बोलून झालं की.”

बाईंनी मान डोलावली. तेव्हापासून आमच्या वर्गात हीच रीत आहे. बाई ऐकताना चुका टिपून ठेवतात आणि माझं टिंग झालं की मगच सांगतात. चुका कमी झाल्या का? थोड्या झाल्या. गोंगाट मात्र इतका वाढला आहे की खालचा दुकानदार कुरकुर करतो.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, वर्षाकाठी तेल द्या, एवढं मला पुष्कळ झालं. आणि कुणी अडखळत बोलत असेल, तर तेवढं बोट आवरा. त्याचं पुरं होऊ द्या. मला घाई नाही. मी इथेच टेबलावर आहे.