विमलचे हात

विमलनं वेणी इतकी करकचून ओढली की चारूच्या भुवया कपाळात गेल्या.

"अक्का, किती ओढायलीस! डोकं गेलं माझं."

"सैल घातली की देवळाच्या पायऱ्या उतरेस्तोवर सुटती."

खरं तर तसं काही नव्हतं. चारूचे केस चांगले दाट होते, कशीही वेणी घातली तरी संध्याकाळपर्यंत जागची हलत नसे. हे केस तरी आपल्यासारखे विरळ व्हावेत, असं विमलला माहेरी आल्यापासून वाटत होतं. ते वाटून झालं की स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटून झाली की परत तेच वाटायचं.

चारूला डॉक्टरीसाठी दोन ठिकाणी जागा मिळाली होती. एक हैदराबादेत, उस्मानिया विद्यापीठात. दुसरी औरंगाबादला, नुकत्याच निघालेल्या मराठवाडा विद्यापीठात. तुळजापुरातल्या पोरींना एका ठिकाणची जागा मिळायची मारामार, आणि या बाईसाहेबांना दोन! गल्लीतल्या बायका येऊन चारूच्या गालावरनं बोटं फिरवून जात होत्या. जाताना विमललाही म्हणत, "बहीण डॉक्टरीण होणार तुझी. नशीबवान हाईस." विमल हसून त्यांना कुंकू लावत होती.

तिचं स्वतःचं सासर हैदराबादचं. काचीगुड्यात दोन खोल्या, रेल्वेत कारकून असलेला नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. मुलांना सासूबाईंपाशी ठेवून ती चार दिवस माहेरी आली होती. चारू हैदराबादला आली तर राहणार विमलकडंच, हे कुणी ठरवायचीसुद्धा गरज नव्हती. मागच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल लागणार. विमलनं तिला चहा नेऊन द्यायचा, मुलांना गप्प बसवायचं आणि तिचा पांढरा कोट नीळ घालून धुवायचा. कोटाचा विचार आला की विमलच्या हाताला आपोआप जोर चढत होता.

कारण तो कोट आधी तिचा होता. निदान तिला तसं वाटत आलं होतं. निजामाचं राज्य जाऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा ती मॅट्रिकला शाळेत पहिली आली. हेडमास्तर घरी येऊन वडिलांना, भाऊंना, म्हणाले होते, "हिला हैदराबादला पाठवा. डॉक्टरीण होईल." त्याच उन्हाळ्यात आई गेली. घरात आठ वर्षांची चारू. भाऊ त्या विषयावर पुढं काही बोलले नाहीत, विमलही बोलली नाही. तिनं सकाळी उठून चूल पेटवली, एवढंच. पुढं काही वर्षं आत्या येऊन राहिली आणि विमलचं लग्न झालं. हैदराबाद तिला दिसलं ते असं. भाजीला जायच्या वाटेवर मेडिकल कॉलेजचं फाटक होतं. सुरुवातीला ती थांबून आतल्या मुलींकडं बघायची. नंतर रस्त्याच्या पलीकडच्या अंगानं जायला लागली.

कालच चारूनं पुस्तकातलं पोटाचं चित्र तिच्यापुढं धरलं होतं. "हे बघ अक्का, लिव्हर."

"जिगर," विमल पटकन म्हणाली होती. "आम्हाला उर्दूतनं होतं."

"आता कुणी तसं म्हणत नाही गं."

चारू सहज बोलली होती. पण विमलला ते अजून खुपत होतं.

"आवरलं का?" बाहेरच्या खोलीतनं भाऊंनी विचारलं. "ऊन व्हायच्या आत जाऊन येऊ."

भाऊ शाळामास्तर. एरवी फळ्यावर एकदा लिहिलं की पुसायचं नाही, इतके ठाम. पण या एका गोष्टीत त्यांची पार त्रेधा उडाली होती. सकाळी म्हणायचे, "आता आपलं विद्यापीठ झालंय. आपली पोरं तिथं न्हाई गेली तर कुणाची जायची?" संध्याकाळी म्हणायचे, "औरंगाबादला कोण आहे आपलं? हैदराबादेत विमल तरी आहे." शेवटी चारूच म्हणाली, "चिंतामणीला विचारा." भाऊंना एकदम हायसं वाटलं.

चिंतामणी म्हणजे भवानीच्या देवळाच्या मागच्या अंगाला असलेला वाटोळा दगड. त्यावर दोन्ही हात अलगद ठेवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही, जागचा हलला नाही तर थांबायचं. येणारे-जाणारे भाविक आपले आपण हात ठेवत. पण भाऊंच्या घरात जुनी रीत होती. ज्याचं काम असेल त्यानं हात ठेवायचे नाहीत. मनातली ओढ हातात उतरते, असं भाऊंचे वडील म्हणत. म्हणून ज्याला त्यातलं काहीच नको असेल, त्याचे हात ठेवायचे.

"विमलचे ठेवू," चपला घालता घालता भाऊ म्हणाले. "माझं मन इकडचं तिकडं होतंय. विमलला काय पाहिजे यातलं? तिला कधीच काही लागत नाही."

कौतुकानंच बोलले ते. विमलनं फणीतले केस काढून त्यांची गुंडाळी केली आणि ती उगीचच बराच वेळ बोटांत फिरवत राहिली.

पायऱ्या उतरून गोमुखाखाली हात धुताना तिचं ठरून गेलं होतं. डावीकडं. थोडासा जोर, कुणाच्या लक्षातही येणार नाही. चारू औरंगाबादला जाईल, डॉक्टर होईल, खुशाल होऊ दे. फक्त ते आपल्या डोळ्यांसमोर नको. देवीला कळेल, असा एक विचार येऊन गेला. कळू दे, विमलनं मनात म्हटलं. तिनं तरी मला कधी विचारलं?

त्यांच्या आधी सोनारी गावाकडचे एक नवरा-बायको दगडापाशी होते. नवऱ्यानं हात ठेवले, दगड ढिम्म हलला नाही.

"थांबा म्हणतीया आई," बायको म्हणाली. "म्या म्हनलंच हुतं, लई घाई न्हाय करायची."

ते बाजूला झाले. विमलनं पदर खोचला आणि पुढं होऊन दोन्ही तळवे दगडावर ठेवले. भाऊंनी डोळे मिटले.

"आई, चारूनं हैदराबादला जावं का?" ते मोठ्यानं म्हणाले. "होय का न्हाई, सांग."

दगड गार होता. विमलनं मनगटं सावरली आणि मान जरा वर केली. समोर चारू उभी होती, खाली बघत, पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत. वेणी इतकी घट्ट होती की कानशिलापाशी कातडी ताणली गेली होती. आई गेली त्या दिवशी विमलनं पहिल्यांदा हिची वेणी घातली होती. वाकडी झाली होती. ही पोर तशीच वाकडी वेणी घेऊन दिवसभर तिच्या पदराला धरून फिरली होती, एकदाही कुरकुरली नव्हती.

विमलनं दगड फिरवला. उजवीकडं.

देवीनं फिरवला की आपण, असा प्रश्न तिला पडलाच नाही. मनगटात आलेला जोर तिचा होता.

"जगदंब!" भाऊंचा आवाज भरून आला. "मिटलं. हैदराबाद."

एवढा मोठेपणा आपल्यात होता याचं विमलला अप्रूप वाटलं. आता चारू आनंदानं बघेल, म्हणून तिनं तिच्याकडं पाहिलं. चारू विमलच्या हातांकडं बघत होती. तिचं तोंड उतरलं होतं.

भाऊ पेढे घ्यायला झपाझप पुढं गेले. दोघी बहिणी मागनं पायऱ्या चढायला लागल्या.

"काय झालं गं?" विमलनं विचारलं.

"काही नाही."

"देवीनं होय म्हटलं अन् तू तोंड कशाला असं करायलीस?"

चारू दोन पायऱ्या चढून थांबली.

"तुझे हात ठेवा, असं मीच सुचवलं होतं भाऊंना."

"बरं, मग?"

"मला वाटलं, तू डावीकडं फिरवशील."

विमलचा पाय वरच्या पायरीवर होता, तो तिथंच राहिला.

"मी?" ती म्हणाली. "मी कशाला फिरवू? अन् तुला कशावरनं असं वाटलं?"

"अक्का, तू आल्यापासून रोज वेणी कोण घालतंय माझी?"

वरनं माणसं उतरत होती. दोघी कठड्याला सरकून उभ्या राहिल्या. चारूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज सरळ होता.

"मला नाही जमायचं तुझ्याकडं. तू चहा आणून देणार अन् मी तुझ्यासमोर पुस्तक उघडून बसणार. माझ्या घशाखाली घास नाही उतरायचा. पण भाऊंना काय कारण सांगू? तुझं नाव घेऊन सांगू? म्हणून म्हटलं, दगडाला विचारू, अक्काचे हात ठेवू. ती नाहीच म्हणणार."

विमलला आधी संताप आला. एवढीशी पोर, आपला हेवा बाजारातल्या भाजीसारखा हातात घेऊन पारखते, आणि वर स्वतःच्या कामाला लावते! मग लाजेनं तिचे कान तापले. नवऱ्याला कधी कळू दिलं नव्हतं, भाऊंना तर नाहीच. सगळ्यांपासून झाकून ठेवलं होतं, आणि हिच्या डोक्याला ते रोज सकाळी दुखत होतं.

"चल," ती एवढंच म्हणाली.

घरी पोचल्या तेव्हा भाऊ टेबलापाशी बसून हैदराबादला होकार लिहायच्या तयारीत होते. त्यांनी उठून विमलच्या हातावर पेढा ठेवला.

"भाऊ," विमल म्हणाली, "दगड मी फिरवला."

भाऊ हसले. "हात ठेवणाऱ्याला तसंच वाटतं. माझ्या वडिलांनाही वाटायचं."

"वाटायचं नाही. मी जोर दिला."

"तू कशाला जोर देशील, बाळ? तुला काय पाहिजे त्यातलं?" असं म्हणून त्यांनी पेन उचललं.

विमलनं पेढा होता तसा टेबलावर ठेवला.

"माझ्या घरात चारूला जागा नाही."

"दोन खोल्या आहेत की. जावईबापूंनी तर स्वतः..."

"जागा आहे. मी देणार नाही."

भाऊ तिच्याकडं बघत राहिले. समोर कुणी भलतीच बाई उभी असावी, तसे.

"का?"

"मला बघवणार नाही, भाऊ. ती रोज तिकडं जाणार अन् मी तिचा डबा भरणार. मला नाही बघवणार."

"अगं, सख्खी बहीण तुझी! तुझ्या मांडीवर वाढली."

"म्हणूनच."

"देवीनं होय म्हटलंय, विमल."

"तुम्हाला म्हटलंय," विमल म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "मला कुणी विचारलं? तेव्हाही कुणी विचारलं नाही."

चारू उंबऱ्यापाशी उभी होती. हे आपण तिच्यासाठी बोलतोय, हे विमलला ठाऊक होतं. पण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि इतक्या वर्षांनी तो तोंडातनं बाहेर पडताना बरं वाटत होतं, हेही तिला ठाऊक होतं. भाऊंनी पेनाचं टोपण लावलं आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दुपारी त्यांनी विमलच्या हातनं वाढून घेतलं नाही. भात स्वतःच्या हातानं घेतला, आमटी ताटाबाहेर सांडली, तरी तिच्याकडं वाटी सरकवली नाही. संध्याकाळी शेजारच्या बाई हळदीकुंकवाला बोलवायला आल्या, तेव्हा भाऊंनी विमलचं नाव न घेता चारूलाच हाक मारली. दिवे लागल्यावर कधीतरी त्यांनी भिंतीकडं बघत विचारलं,

"औरंगाबादला पोरींच्या वसतिगृहात देखरेखीला बाई असते का गं?"

"असते," चारू म्हणाली.

"मग तसं कळवू."

तिसऱ्या दिवशी सकाळी विमलला निघायचं होतं. सोलापूरची एसटी, तिथनं पुढं रेल्वे. ती पिशवीत लुगडी भरत असताना चारू फणी घेऊन आली आणि नेहमीप्रमाणं पाठ करून तिच्यासमोर बसली.

विमलनं केस हातात घेतले. तेच केस, तेवढेच दाट. हेवा काही कुठं गेला नव्हता, फक्त आता तो घरात सगळ्यांना माहीत होता.

"सैल घालू का?" तिनं विचारलं.

"नको. नेहमीसारखी घाल."

विमलनं पेड ओढले. चारूच्या भुवया वर गेल्या, पण ती काही बोलली नाही.

दारात भाऊ येऊन उभे राहिले. त्या दुपारपासून ते विमलशी एक अक्षर बोलले नव्हते. आताही कपाळाला आठ्या होत्या. हातात बाजाराची पिशवी होती, ती त्यांनी एकदा उघडून पाहिली, परत मिटली.

"वाटेत खायला आणतो काहीतरी," ते म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "विमल, तुला काय पाहिजे?"

विमलचे हात थांबले. मुलांना काय आवडतं ते तिला सांगता आलं असतं, सासूबाईंचंही सांगता आलं असतं. स्वतःचं पटकन काही आठवेना.

"सांग की, अक्का," चारू म्हणाली.

"थांबा, भाऊ," अर्धी वेणी मुठीत धरून विमल म्हणाली. "सांगते."