विचारलं की सांगावंच लागतं

माझ्या धाकट्या भावाला घरात आम्ही वकीलसाहेब म्हणायचो. कायद्याचं पुस्तक त्याने जन्मात उघडलं नसेल, पण कायद्यावर बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. साध्या वेशातल्या पोलिसाला तोंडावर विचारलं, की त्याला खरं सांगावंच लागतं. खोटं बोलला तर खटला उभाच राहत नाही, हे त्याचं लाडकं कलम. कुणी सांगितलं म्हणून विचारावं तर म्हणायचा, सगळ्या जगाला माहीत आहे.

त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. हाताखाली एकच कारागीर, कामाला चोख आणि बोलायला महाकंजूष, म्हणून त्याचं नाव पडलं घुम्या. रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. मला ताई म्हणायचा आणि जेवल्यावर स्वतःचं ताट धुऊन ठेवायचा. माझ्या सख्ख्या भावाला हे कधी सुचलं नाही.

अशाच एका रविवारी भावाने जेवता जेवता त्याला विचारलं, ‘‘खरं सांग, तू पोलीस आहेस का?’’

घुम्याने घास गिळला. ‘‘नाही,’’ म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पानावर बसलेल्या माणसाला असं विचारतात का, म्हणून मी भावाला फैलावर घेतलं आणि घुम्याला आग्रहाने आणखी वाढलं. भाऊ मात्र एकदम खुशीत आला. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा हसत होता. मी म्हटलं, असतात याची खुळं.

त्याच आठवड्यात पोलिसांनी भावाला दुकानातून उचललं. मी धावतपळत चौकीत पोचले. दुकानाच्या मागच्या कपाटात चोरीचे मोबाइल सापडले होते. माझा भाऊ आणि चोरीचा माल? तेवढ्यात कोपऱ्यात घुम्या दिसला. यालाही धरलं की काय, असं वाटून मी साहेबांपुढे हात जोडले. म्हटलं, याला तरी सोडा, हा गरीब कुणाच्या अध्यातमध्यात नसतो.

घुम्याने स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. समोरच्या टेबलावर पोलिसाचं ओळखपत्र होतं, वर फोटो त्याचाच. मी ते दोनदा वाचलं तरी डोक्यात शिरेना.

‘‘मी विचारलं होतं,’’ भाऊ म्हणाला. ‘‘ताईसमोर विचारलं होतं. तू नाही म्हणालास. केस संपली.’’

‘‘असा कुठलाही कायदा नाही,’’ घुम्या म्हणाला. ‘‘विचारेल त्याला खरं सांगायचं, तर आम्ही वेश बदलायचा कशाला?’’

माझं डोकंच फिरलं. माझ्या हातचं जेवून माझ्याच घरात खोटं बोललास, असं मी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. त्याने मान खाली घातली.

‘‘ताई, इतके महिने मला काहीच सापडलं नव्हतं. वरून परत बोलावलं होतं. त्या रविवारी मी शेवटचाच जेवायला आलो होतो. यांनी विचारलं, मी नाही म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी यांनीच कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली.’’

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. ‘‘आणि मी विचारलंच नसतं तर?’’

‘‘सोमवारी मी दुकानात आलोच नसतो.’’

लहानपणी काही फोडलं की पाहायचा, तसं भावाने माझ्याकडे पाहिलं.

‘‘ताई, हा आताही खोटंच बोलतोय, हो ना?’’